नाव आधी, पुरावा नंतर: एमएससी पेशींची साठ वर्षांची गोष्ट

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: "मेसेन्कायमल स्टेम सेल्स इजा झालेल्या जागी पोहोचतात आणि तिथल्या ऊतीत रूपांतरित होऊन झीज भरून काढतात." हे वाक्य मी एका रिव्ह्यू पेपरातून उचललं होतं, शब्द थोडे फिरवले होते, आणि खरं सांगायचं तर त्यावर दोन मिनिटंही विचार केला नव्हता. आमच्या गाईड मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात लिहिलं, "कोणी मोजलं? किती पोहोचल्या?"

एका संध्याकाळचं काम असेल असं वाटलं होतं. तीन आठवडे गेले. एका पेपरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असं मागे मागे जात मी थेट १९६६ पर्यंत पोहोचले, आणि शेवटी ते वाक्य खोडावं लागलं. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटच्या तयारीत आहेत, काही जण विषय शोधताहेत. या पेशींवर तुम्ही काम करा किंवा करू नका, पण एखादी कल्पना विज्ञानात कशी रुजते आणि ती दुरुस्त व्हायला किती वर्षं लागतात, हे यातून नीट कळतं.

मॉस्कोतल्या वसाहती

हाडांच्या आतल्या पोकळीत जो मऊ गर असतो त्याला अस्थिमज्जा म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. रक्तातल्या पेशी तिथे तयार होतात. १९६१ साली कॅनडात टिल आणि मॅककुलॉक यांनी उंदरांच्या प्लीहेत एकेका पेशीपासून उगवलेल्या रक्तपेशींच्या वसाहती दाखवल्या, आणि रक्ताच्या मूळपेशी या कल्पनेला पक्का पाया मिळाला. पण मज्जेत रक्त बनवणाऱ्या पेशींखेरीज एक आधाराचं जाळंही असतं. या आधारऊतीला स्ट्रोमा म्हणतात. तिच्याकडे तेव्हा फारसं कोणी बघत नव्हतं.

मॉस्कोच्या गामालेया संस्थेत अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन बघत होते. १९६६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जेच्या पेशी दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात ठेवून हाड तयार होतं हे दाखवलं. पुढे १९६८ मध्ये त्यांनी आणखी महत्त्वाचा प्रश्न विचारला: हे हाड नक्की कोणाचं? दात्याचं की ज्याच्या शरीरात रोपण केलं त्या यजमानाचं? दाता आणि यजमान यांच्या पेशी वेगळ्या ओळखता येतील अशी जोडी त्यांनी निवडली. उत्तर असं आलं की नव्या गाठीतलं हाड दात्याचं, पण त्या हाडाच्या पोकळीत येऊन राहिलेलं रक्त यजमानाचं. म्हणजे स्ट्रोमाच्या पेशींनी घर बांधलं, आणि राहायला आले ते यजमानाचे रक्तपेशी-कुटुंबीय.

१९७० साली त्यांनी दाखवलं की मज्जा प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवली तर काही मोजक्या पेशी तळाला चिकटतात आणि त्यांच्यापासून गोल वसाहती उगवतात. पेशी दुप्पट टाकल्या की वसाहतीही दुप्पट होतात. दोन पेशी एकत्र आल्याशिवाय वसाहत होत नसती तर हे प्रमाण असं सरळ रेषेत आलं नसतं. एक वसाहत म्हणजे एक पूर्वज, असा तो तर्क आहे. तुम्ही कधी कॉलनी असे केली असेल तर हा आलेख डोळ्यापुढे आणून बघा. फार साधा प्रयोग आहे, पण निष्कर्ष काढण्याइतका पुरेसा आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. फ्रीडेनश्टाइन यांची कसोटी शरीरातली होती. पेशी रोपण करायची आणि काय उगवतं ते बघायचं.

नाव पडतं

१९९१ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या अर्नॉल्ड कॅप्लन यांनी एक लेख लिहिला आणि या पेशींना 'मेसेन्कायमल स्टेम सेल्स' म्हटलं. कॅप्लन कोंबडीच्या गर्भातल्या अवयवांच्या अंकुरांवर काम करत आले होते. गर्भात मेसेन्काइम नावाची सैल ऊती असते, तिच्यापासून हाड, कूर्चा, स्नायुबंध वगैरे घडतं. कॅप्लन यांचा तर्क असा की प्रौढ माणसाच्या मज्जेतही तशीच एक पेशी असावी, जी आयुष्यभर या सगळ्या ऊतींना नवीन पेशी पुरवत राहते. रक्ताच्या मूळपेशीचं जसं झाड काढतात, खाली बुंधा आणि वर फांद्या, तसंच झाड त्यांनी यासाठीही काढलं.

कल्पना सुंदर होती. पण नीट बघा: गर्भातल्या ऊतीवरून प्रौढ शरीराबद्दल केलेलं ते अनुमान होतं. नाव मात्र असं पडलं की जणू ते सिद्धच झालंय.

त्याच सुमाराला कंपनीही निघाली, ओसायरिस थेराप्यूटिक्स. १९९५ मध्ये क्लीव्हलंडमध्येच १५ रुग्णांना त्यांच्याच मज्जेतून वाढवलेल्या या पेशी शिरेतून दिल्या गेल्या. देणं सुरक्षित आहे का एवढंच तेव्हा बघायचं होतं. १९९९ मध्ये ओसायरिसच्या पिटेंजर आणि सहकाऱ्यांचा 'सायन्स'मधला पेपर आला. तो तुम्ही वाचलाच पाहिजे. माणसाच्या मज्जेतल्या पेशी भांड्यात वाढवून, वेगवेगळी रसायनं देऊन, त्यांनी त्यांच्यापासून चरबी, कूर्चा आणि हाड अशा तिन्ही दिशांच्या पेशी घडवल्या. चरबीच्या थेंबांना लाल रंग, हाडातल्या कॅल्शियमला रंग, कूर्चेला वेगळा रंग. आजही प्रत्येक एमएससी प्रयोगशाळेत ही तीन चित्रं काढतात. मी स्वतः किमान वीस वेळा काढली आहेत.

पण भांड्यातल्या पेशीला डेक्सामेथासोन देऊन ती चरबी बनली, याचा अर्थ ती शरीरात जाऊन आपण होऊन काही बनेल असा होत नाही. शिवाय भांड्यातल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. २००० साली इटलीतल्या मुराग्लिया आणि सहकाऱ्यांनी एकेका पेशीपासून वाढवलेल्या वसाहती वेगवेगळ्या तपासल्या, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश वसाहती तिन्ही दिशांना जाऊ शकल्या. म्हणजे ज्याला आपण एक नाव देतो तो खरा तर मिश्र जमाव आहे. त्यात थोड्या खऱ्या मूळपेशी असतील, पण जमावाला मूळपेशी म्हणता येईल का?

मुलं वाढली, पेशी मात्र सापडेनात

आता माझ्या मॅडमच्या प्रश्नाकडे येऊ. कोणी मोजलं?

मोजणाऱ्यांपैकी एक एडविन हॉर्विट्झ. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा नावाच्या आजारात मुलांची हाडं जन्मापासून ठिसूळ असतात, साध्या धक्क्यानेही मोडतात, उंची वाढत नाही. मज्जा प्रत्यारोपण झालेल्या अशा ६ मुलांना हॉर्विट्झ यांच्या गटाने दात्याच्या मज्जेतून वाढवलेल्या पेशी दिल्या. पेशींवर जनुकाची खूण केली होती, म्हणजे त्या नंतर ओळखता येतील. २००२ मध्ये निकाल छापून आला. ६ पैकी ५ मुलांमध्ये खूण असलेल्या पेशी सापडल्या आणि त्यांची वाढ पहिल्या सहा महिन्यांत वेगाने झाली. पण सापडलेल्या पेशींचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं.

इथे थोडं थांबा आणि स्वतःला विचारा. हा निकाल तुमच्या हातात आला असता तर तुम्ही काय लिहिलं असतं?

'पेशी हाडात पोहोचल्या आणि मुलं वाढली' असं लिहिता येतं, आणि ते खोटं नाही. 'शंभरात एकही पेशी नवी नाही, तरी मुलं वाढली, मग वाढवलं कोणी?' असंही लिहिता येतं. आकडे तेच. पहिल्या वाचनात जुनं स्पष्टीकरण शाबूत राहतं, दुसऱ्या वाचनात ते डळमळतं. मी सिनॉप्सिसमध्ये पहिलं वाचन उतरवलं होतं.

२००५ साली व्हिक्टर झाऊ यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या एका पेपराने दुसऱ्या वाचनाला जोर दिला. नेक्की आणि सहकाऱ्यांनी जनुकीय बदल केलेल्या या पेशी कमी ऑक्सिजनमध्ये वाढवल्या, मग पेशी बाजूला काढल्या आणि ज्या द्रवात त्या वाढल्या होत्या तेवढाच द्रव हृदयविकाराचा झटका दिलेल्या उंदरांच्या हृदयात टोचला. हृदयाचं नुकसान कमी झालं. परिणाम तीन दिवसांच्या आत दिसला. एवढ्या कमी वेळात पेशी हृदयाचा स्नायू बनणं शक्य नाही, आणि इथे तर पेशीच नव्हत्या. कंट्रोल कसा असावा याचं हे उत्तम उदाहरण आहे. ज्याला आपण कारण समजतो तेच काढून टाकायचं आणि परिणाम उरतो का ते बघायचं.

फुप्फुसात अडकलेल्या पेशी

मग शिरेतून दिलेल्या पेशी जातात कुठे? हा अगदी नळाच्या पाइपासारखा हिशेब आहे. भांड्यात वाढवलेली ही पेशी साधारण १५ ते २० मायक्रॉनची असते. फुप्फुसातल्या केशवाहिन्या त्याहून बारीक. हाताच्या शिरेत टोचलेलं रक्त आधी हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसात जातं. त्यामुळे बहुतेक पेशी पहिल्या फेरीतच फुप्फुसात अडकतात. थोड्याच दिवसांत त्यांचा माग लागेनासा होतो.

२००९ साली डार्विन प्रॉकॉप यांच्या गटाने यावर एक प्रयोग केला. हृदयविकाराचा झटका दिलेल्या उंदरांच्या शिरेत माणसाच्या पेशी दिल्या. पेशी फुप्फुसात अडकल्या, हृदयात जवळजवळ गेल्याच नाहीत, तरी हृदय सुधारलं. मग लक्षात आलं की अडकलेल्या पेशी टीएसजी-६ नावाचं दाह कमी करणारं प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडायला लागतात. त्या पेशींमधलं हे प्रथिन दाबून टाकलं तर फायदा बराचसा नाहीसा झाला. म्हणजे पेशी फुप्फुसात आणि परिणाम हृदयात. दुरुस्तीला आलेला कारागीर वाटेतच अडकला, पण तिथून त्याने फोन करून काम करून घेतलं, असं काहीसं.

स्टॉकहोममधला नऊ वर्षांचा मुलगा

ऊती बदलण्याची कल्पना अशी मागे पडत असताना दुसरीकडून एक वेगळीच गोष्ट पुढे येत होती. २००२ च्या सुमाराला दोन-तीन गटांनी दाखवलं की या पेशी जवळ असतील तर टी पेशींची वाढ मंदावते. प्रतिकारशक्ती शांत होते.

कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कॅटरिना ल ब्लांक यांनी हे रुग्णाच्या खाटेपर्यंत नेलं. रक्ताच्या कर्करोगात दुसऱ्याची मज्जा दिली जाते, तेव्हा कधी कधी दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी रुग्णाच्याच शरीरावर तुटून पडतात. याला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, म्हणजे जीव्हीएचडी म्हणतात. ९ वर्षांच्या एका मुलाला हा आजार सगळ्यात तीव्र, चौथ्या पायरीचा झाला होता, आतडी आणि यकृत दोन्ही पोळले होते, स्टेरॉइड आणि इतर औषधं चालत नव्हती. त्याला आईच्या मज्जेतून वाढवलेल्या पेशी दिल्या. आईच्या ऊती मुलाशी अर्ध्याच जुळतात, तरी मुलगा सुधारला. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं.

एक रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण २००८ मध्ये त्याच गटाने आणि युरोपातल्या इतर केंद्रांनी मिळून ५५ रुग्णांचा अनुभव मांडला; त्यातल्या ३० जणांमध्ये आजाराची लक्षणं पूर्ण गेली होती. कंट्रोल गट नव्हता. तरी आशा वाटावी असाच आकडा होता.

हे घडतं कसं, याची उत्तरं हळूहळू जमत गेली. २००९ मध्ये नेमेथ आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधल्या सेप्सिसवर दाखवलं की या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ सोडतात आणि त्यामुळे शरीरातल्याच मॅक्रोफेज पेशी दाह कमी करणारं आयएल-१० बनवायला लागतात. मॅक्रोफेज काढून टाकले तर उपचाराचा फायदा गेला. टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांत मात्र फायदा टिकला. आणखी एक बारकावा: या पेशी मुळातच शांत करणाऱ्या नसतात. आजूबाजूला इंटरफेरॉन गॅमासारखे दाहाचे संकेत मिळाले की मगच त्या कामाला लागतात. आणि उंदराच्या पेशी त्यासाठी नायट्रिक ऑक्साइड वापरतात, माणसाच्या पेशी मुख्यतः आयडीओ नावाचं विकर. उंदरावरून थेट माणसाबद्दल वाक्य लिहिणाऱ्यांनी (मीही त्यात आले) एवढं तरी लक्षात ठेवावं.

मेल्यावरही काम

२०१७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गॅल्यू, दात्सी आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा पहिल्या पानावर गेले, आपण काही चुकीचं वाचलं का बघायला. जीव्हीएचडीच्या रुग्णांना पेशी देण्याआधी त्यांनी त्यांचं रक्त घेतलं आणि त्यातल्या लिम्फोसाइट दिलेल्या पेशींना मारतात का ते भांड्यात तपासलं. ज्यांच्या रक्ताने पेशी मारल्या, त्यांनाच उपचाराचा फायदा झाला. ज्यांच्या रक्ताने मारल्या नाहीत, त्यांना नाही. उंदरांतही तसंच: मारणाऱ्या पेशी नसतील तर उपचार लागू पडत नाही, पण आधीच मरणाला लावलेल्या पेशी दिल्या तरी लागू पडतो.

मेलेल्या पेशी गिळताना भक्षकपेशी शांत होतात आणि पुढचा दाह कमी करतात, असं स्पष्टीकरण. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पांग आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने तपासलं: बॅक आणि बॅक्स ही दोन प्रथिनं काढून, मरूच न शकणाऱ्या पेशी बनवल्या. त्या दिल्या तर फायदा घटला.

म्हणजे बघा कुठून कुठे आलो. सुरुवातीची कल्पना अशी की पेशी शरीरात राहतील, वाढतील, नवी ऊती बनतील. आता पुरावा सांगतो की निदान या आजारांत त्या मरतात म्हणूनच उपयोगी पडतात. ही एकच यंत्रणा नाही. काही प्रयोगांत पेशींनी सोडलेले सूक्ष्म कण काम करताना दिसतात, २०१२ मधल्या एका प्रयोगात त्यांनी इजा झालेल्या फुप्फुसपेशींना आपले मायटोकॉन्ड्रिया दिलेले दिसले. पण 'झीज भरून काढतात' हे माझं वाक्य यातल्या कशातच बसत नाही.

नाव बदलायचा प्रयत्न

असं नाही की हे कोणाच्या लक्षात आलं नाही. २००५ मध्येच पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुचवलं की मूळपेशीचे गुण सिद्ध नसतील तर 'स्टेम' न म्हणता 'स्ट्रोमल' म्हणा. लघुरूप एमएससी तसंच ठेवा. २००६ मध्ये किमान निकष आले. पेशी प्लास्टिकला चिकटल्या पाहिजेत. ९५ टक्के किंवा अधिक पेशींवर सीडी१०५, सीडी७३ आणि सीडी९० असावेत. सीडी४५, सीडी३४ असे रक्तपेशींचे मार्कर २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. आणि भांड्यात त्यांची हाड, चरबी, कूर्चा होता आली पाहिजे. नीट वाचा, यातला एकही निकष ती पेशी रुग्णाला बरं करेल का हे सांगत नाही. ते फक्त ओळखपत्र आहे. साधे फायब्रोब्लास्टही यातल्या बऱ्याच कसोट्या पार करतात.

आणि २०१७ मध्ये खुद्द कॅप्लन यांनीच लिहिलं की नाव बदलायची वेळ आली आहे. या पेशी इजेच्या जागी औषधासारखी संकेतद्रव्यं सोडतात, म्हणून त्यांना 'मेडिसिनल सिग्नलिंग सेल्स' म्हणा, असं त्यांचं म्हणणं. ज्याने नाव दिलं त्यानेच सव्वीस वर्षांनी ते मागे घ्यायला सांगितलं. मला याचं खूप कौतुक वाटतं. आपलं गाजलेलं वाक्य छापील लेखात खोडणं सोपं नसतं. मला तर सिनॉप्सिसमधलं उसनं वाक्य खोडतानाही जड गेलं होतं.

पण नाव बदललं नाही. पेपरांत आजही दोन्ही चालतात, आणि बाजारात एकच चालतं.

ट्रायलचा हिशेब

बाजाराकडे येण्याआधी औषधाचं काय झालं ते सांगते, कारण गोष्ट नुसती निराशेची नाही.

२००९ मध्ये ओसायरिसच्या प्रोकायमल या औषधाच्या जीव्हीएचडीवरच्या दोन मोठ्या ट्रायल मुख्य कसोटीवर अपयशी ठरल्या. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या २६० रुग्णांच्या ट्रायलमध्ये टिकाऊ पूर्ण सुधारणा औषधाच्या गटात ३५ टक्के आणि प्लासिबो गटात ३० टक्के. हा फरक योगायोगानेही येऊ शकतो. ५५ रुग्णांच्या अनुभवातली चमक कुठे गेली, यावर खूप वाद झाले. एका दात्याच्या पेशी खूप वेळा विभाजित करून हजारो डोस काढल्याने त्या थकल्या का? गोठवून वितळवल्यावर लगेच दिल्याने त्यांचा जोर कमी झाला का? की प्लासिबो गटातल्या रुग्णांनाही इतर चांगले उपचार मिळत होते, आणि तोच खरा धडा आहे?

मुलांमध्ये मात्र चित्र थोडं बरं दिसत होतं. २०१२ मध्ये कॅनडाने मुलांसाठी अटींसह परवानगी दिली. हे औषध पुढे मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे गेलं. अमेरिकेच्या एफडीएने ते २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये परत पाठवलं. शेवटी १८ डिसेंबर २०२४ रोजी, दोन महिन्यांवरच्या मुलांमधल्या स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या जीव्हीएचडीसाठी, रायोन्सिल या नावाने मान्यता मिळाली. अमेरिकेतलं हे पहिलं मान्यताप्राप्त एमएससी औषध. आधार होता ५४ मुलांच्या ट्रायलचा; २८ व्या दिवसापर्यंत ७० टक्के मुलांनी प्रतिसाद दिला. प्लासिबो गट नव्हता, हेही लिहून ठेवा.

त्याच डिसेंबर महिन्यात युरोपात उलट घडलं. क्रोन्स आजारात गुदद्वाराजवळ होणाऱ्या भगेंद्रावर चरबीतून काढलेल्या पेशींचं अलोफिसेल हे औषध २०१८ पासून मान्य होतं. पहिल्या मोठ्या ट्रायलमध्ये ५० टक्के विरुद्ध ३४ टक्के असा फरक दिसला होता. दुसऱ्या, मोठ्या ट्रायलमध्ये तो दिसला नाही, आणि औषध बाजारातून मागे घेतलं गेलं. एकाच महिन्यात एक दार उघडलं आणि एक बंद झालं. दोन्ही ठिकाणी नियम पुराव्याने चालले, आणि दोन्ही ठिकाणी दावा एका ठराविक आजारापुरता होता.

फोन

गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका काकांचा फोन आला. त्यांच्या नातवाला ऑटिझम आहे. कुठल्याशा केंद्राने 'स्टेम सेल'चं पॅकेज सांगितलं होतं, अनेक लाखांचं, आणि समजावताना अगदी माझंच जुनं वाक्य वापरलं होतं: पेशी मेंदूत जातात आणि झीज भरून काढतात. "तू त्याच पेशींवर काम करतेस ना गं? मग सांग, घेऊ का कर्ज?"

मी त्यांना फुप्फुसाचं सांगितलं. १ टक्क्याचं सांगितलं. आपल्याकडे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मान्य उपचार सोडले तर मूळपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो, आणि ट्रायलमध्ये भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात, हेही सांगितलं. काका गप्प झाले, मग म्हणाले, "पण नावच स्टेम सेल आहे ना?"

धोका फक्त पैशांचा नाही. २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या तीन महिलांची नोंद छापून आली. वयामुळे होणाऱ्या दृष्टिपटलाच्या आजारासाठी त्यांनी पैसे भरून स्वतःच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या होत्या. तिघींचीही दृष्टी फार मोठ्या प्रमाणात गेली. पेशी डोळ्यात जाऊन काय करतील, याचा विचार नावाने आधीच करून टाकला होता.

काकांनी कर्ज काढलं नाही. पण माझं ते वाक्य ज्या रिव्ह्यूत होतं तो आजही लोक उद्धृत करतात, आणि माहितीपत्रकं तिथूनच लिहिली जातात. आपण सिनॉप्सिसमध्ये घाईने उतरवलेलं वाक्य किती लांब जातं, हे मला त्या फोनमुळे कळलं.

तुमच्यासाठी

तुम्ही आता पहिला लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसाल तेव्हा एवढं करून बघा. तुमच्या विषयातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं, संदर्भ न देताही चालणारं एक वाक्य निवडा. त्याचा पहिला पेपर शोधा. रिव्ह्यूवरून रिव्ह्यू नको, मूळ आकडा असलेला पेपर. त्यात कंट्रोल काय होता ते बघा. भांड्यात, उंदरात की माणसात हे वेगळं लिहा. आणि त्या वाक्यातल्या नामाकडे नीट बघा, की त्या नावातच एखादं सिद्ध न झालेलं विधान लपलंय का.

माझं सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: "शिरेतून दिलेल्या मेसेन्कायमल स्ट्रोमल पेशी बहुतांशी फुप्फुसात अडकतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात, त्यांचा परिणाम मुख्यतः त्यांनी सोडलेल्या घटकांमुळे आणि त्यांच्या मृत्यूला यजमानाच्या भक्षकपेशी देत असलेल्या प्रतिसादामुळे होतो, असे पुरावे आहेत." लांबलचक आहे, वाचायला अजिबात छान नाही. मॅडमनी त्यातल्या 'मुख्यतः' या शब्दाखाली परत पेन्सिलची रेघ मारली आहे. सध्या तेच शोधते आहे.